व्हिम सोर्सवरून कंपाईल केलं, पायथन आणि लुआसकट: मालवणातून रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू व्हिम हा टर्मिनलमधला टेक्स्ट एडिटर चांगला की वाईट याचा नाहीये, ते भांडण तुम्ही तुमचं बघा. हा रिव्ह्यू आहे व्हिमचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणून आपल्या मशीनवर, आपल्याला पाहिजे त्या स्क्रिप्टिंग भाषा आत घालून बांधण्याचा (कंपाईल करण्याचा), म्हणजे त्यात कटकट किती, मिळतं काय, आणि कोणी या वाटेला जाऊच नये. मी डेबियन १२ हे लिनक्स वापरतो, जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक्स वगैरे प्रकार नाही, आणि माझं बरंचसं काम साध्या टेक्स्ट फाईलमध्ये चालतं, त्यात सीझनला देवगडच्या दोनतीन बागायतदारांच्या पेट्यांचा हिशेबही असतो. हे सांगायचं कारण पुढे येईल, कारण पायथन लागलं ते नेमकं त्या हिशेबामुळे.

डेबियनमध्ये मूळचं जे येतं ते व्हिम-टायनी, नावाप्रमाणेच टायनी, त्यात काहीच नाही. मग लोक ॲप्टने (डेबियनचं पॅकेज टाकायचं साधन) नुसतं व्हिम टाकतात, ते छान चालतं, पण टर्मिनलवर व्हिम आणि पुढे डॅश डॅश व्हर्जन लिहून बघा, अधिक-वजा चिन्हं लावलेली लांबलचक यादी येते आणि त्यात पायथन३ च्या आधी वजा असतो, लुआच्या आधी वजा, रुबीच्या आधीही वजा. म्हणजे या भाषा आत घातलेल्याच नाहीत आणि नंतर प्लगिनसारख्या वरून टाकता येत नाहीत, कंपाईल करतानाच ते ठरतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मग अल्टिस्निप्ससारखं (ठरलेला मजकूर झटकन टाकणारं) प्लगिन टाकतात आणि ते पायथन पाहिजे म्हणून ओरडत बसतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर नुसतं पायथन पाहिजे असेल तर सोर्सच्या भानगडीत पडायची काहीच गरज नाही. व्हिम-नॉक्स नावाचं पॅकेज आहे, त्यात पायथन३, लुआ, पर्ल, रुबी, टीसीएल सगळं घालून दिलेलं आहे, एक ॲप्ट इन्स्टॉल आणि विषय संपला. उबुंटूवाल्यांना तर तेही नको, त्यांच्या साध्या व्हिममध्येच पायथन३ असतं. मग मी सोर्सवर का गेलो? एक म्हणजे डेबियन १२ मध्ये व्हिम ९.० आहे आणि मला ९.१ पाहिजे होतं, जे २ जानेवारी २०२४ ला आलं, व्हिम९ स्क्रिप्टमध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आले ते त्यात. दुसरं, मला रुबी, पर्ल, टीसीएल यातलं काहीएक लागत नाही, पायथन आणि लुआ बस. आणि तिसरं कारण असं की मला ते कसं बांधतात ते बघायचंच होतं, इतकी वर्षं रोज हात लावतो त्या वस्तूला तर आतून कशी आहे ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

सोर्स गिटहबवर आहे, २०१५ पासून तिथेच आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, विशेषतः आपल्याकडच्या नेटवर, क्लोन करताना, म्हणजे सोर्स उतरवून घेताना, डेप्थ १ द्या. व्हिममध्ये प्रत्येक छोट्या बदलाला वेगळा पॅच नंबर असतो आणि हा इतिहास प्रचंड आहे, तो सगळा ओढायला गेलात तर पावसाळ्यात आमच्याकडच्या मोबाईल नेटवर रात्र जाईल आणि मधे तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. डेप्थ १ ने फक्त आत्ताचा कोड येतो आणि बांधायला तेवढाच लागतो. एकदा आणला की पुढचं काम पूर्ण ऑफलाईन होतं, ही मला सगळ्यात आवडलेली बाब आहे. आजकाल कुठलंही काही बिल्ड करायला घ्या, ते मधेच अजून दोनशे पॅकेज नेटवरून ओढायला लागतं. व्हिमचं तसं नाही, सी भाषेतला कोड, सी कंपायलर, आणि चार लायब्ररी.

त्या चार लायब्ररी मात्र आधी नीट टाकून घ्या, सगळा खेळ तिथे आहे. बिल्ड-इसेन्शियल, लिबएनकर्सेस-डेव्ह, पायथन३-डेव्ह, आणि लुआसाठी लुआ५.४ आणि लिबलुआ५.४-डेव्ह अशी दोन्ही. लुआचं दोन्ही का तर कॉन्फिगर (मशीनवर काय काय आहे ते तपासून बांधणीची तयारी करणारी स्क्रिप्ट) आधी लुआ नावाचा चालणारा प्रोग्रॅम शोधतं आणि मग हेडर, म्हणजे कंपाईलला लागणाऱ्या फाईली, शोधतं, नुसते हेडर टाकून चालत नाही. आणि क्लिपबोर्ड पाहिजे असेल, म्हणजे व्हिममधून कॉपी करून ब्राउजरमधल्या व्हॉट्सॲपवर पेस्ट करायचंय वगैरे, तर एक्स११ आणि एक्सटीच्या डेव्ह फाईली पण टाका, नाहीतर नंतर वैताग येतो.

मग सोर्सच्या फोल्डरात एसआरसी मध्ये जायचं आणि कॉन्फिगर चालवायचं. कॉन्फिगरला डॅश डॅश हेल्प दिलं की सगळे फ्लॅग त्यांच्या नेमक्या स्पेलिंगसकट येतात, तिथून उचला. मी दिले ते असे: फीचर्स ह्यूज, पायथन३-इंटर्प डायनॅमिक, लुआ-इंटर्प यस, प्रीफिक्स (कुठे इन्स्टॉल करायचं ते) म्हणून होममधलं डॉट-लोकल, आणि सगळ्यात महत्त्वाचा एक, एनेबल-फेल-इफ-मिसिंग.

या शेवटच्या फ्लॅगवर मी जरा थांबणार आहे कारण माझ्या मते अख्ख्या प्रकारात ही एकच गोष्ट अशी आहे जी माहीत नसेल तर दिवस वाया जातो. आमच्या शेजारचा मुलगा डिप्लोमा करतोय, त्याने कुठल्यातरी व्हिडिओत बघून सगळं केलं, कॉन्फिगर झालं, मेक (म्हणजे प्रत्यक्ष कंपाईल) झालं, एक एरर नाही, इन्स्टॉल पण झालं. आणि मग लॅपटॉप घेऊन माझ्या ओटीवर आला, म्हणाला, "काका, हेच्यात पायथन नाय म्हणता." बघितलं तर खरंच, व्हिमला हॅज पायथन३ विचारलं की शून्य, म्हणजे नाही. मी त्याला म्हटलं कॉन्फिगरचं आउटपुट परत वर सरकव आणि पायथन शब्द शोध. तिथे ओळी होत्या: पायथन३ कुठे आहे, सापडलं. व्हर्जन काय, ३.११. पायथन ३.० किंवा वरचं आहे का, तर उत्तर "येप". हो, व्हिमच्या कॉन्फिगरमध्ये खरंच यसच्या जागी येप असं छापलेलं आहे. आणि त्याच्या थोडं खाली, पायथनची कॉन्फिगरेशन डिरेक्टरी, "कान्ट फाइंड इट!", उद्गारचिन्हासकट. आणि त्यानंतर काय तर काहीच नाही, कॉन्फिगर गुपचूप पुढे गेलं, पायथन वगळलं आणि बाकीचं तपासत बसलं. शेकडो ओळी सरसर जातात त्यात ही एक ओळ कोणाच्या डोळ्यांना दिसणार? त्याच्याकडे पायथन होतं पण पायथन३-डेव्ह नव्हतं, एवढंच.

म्हणजे तुम्ही स्वतः सांगितलंय की मला पायथन पाहिजे, ते सापडत नाहीये, आणि प्रोग्रॅम न विचारता ते सोडून देतो, हे मला अजिबात पटत नाही. यामागे कारण आहे ते मला कळतं, व्हिम १९९१ पासून अमिगापासून काय काय विचित्र मशीनवर चालत आलंय, तिथे जे मिळेल त्यावर निदान एडिटर तरी उभा राहू दे हा विचार बरोबरच आहे. पण आज २० वर्षांचा पोरगा पहिल्यांदा काही कंपाईल करतोय त्याला हे वागणं गोंधळात टाकतं. फेल-इफ-मिसिंग दिलं की हेच कॉन्फिगर जागच्या जागी थांबतं आणि एरर देतं. माझं म्हणणं आहे हा डीफॉल्ट असायला पाहिजे. तो नाहीये म्हणून तुम्ही द्या, न विसरता द्या.

आणि त्याच मुलाच्या बाबतीत पुढची गंमत ही की डेव्ह पॅकेज टाकून त्याने परत कॉन्फिगर चालवलं तरी तेच उत्तर. कारण कॉन्फिगर आपले निकाल ऑटो फोल्डरात कॅश फाईलमध्ये लिहून ठेवतं आणि दुसऱ्यांदा तेच वाचून सांगतं. मेक डिस्टक्लीन करा, मग कॉन्फिगर करा, मग बरोबर येतं. हे एवढं त्याला सांगितलं आणि पाचदहा मिनिटांत त्याचं पायथन लागलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मेक चालवलं की कंपाईल व्हायला फार वेळ लागत नाही, माझ्या जुन्या लॅपटॉपवरसुद्धा चहा होईपर्यंत झालं. मेक टेस्ट मात्र लांबतं, स्क्रीनवर भराभर काय काय उघडतं मिटतं, ते घाबरण्यासारखं नाहीये, शेवटी ऑल डन आलं की झालं. टेस्ट केलीच पाहिजे असं नाही पण मी केली, ज्यात रोजचा हिशेब ठेवतो ती वस्तू तपासून घेतलेली बरी.

प्रीफिक्स होममध्ये दिल्यामुळे सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागत नाही आणि ॲप्टचं व्हिम जिथल्या तिथे राहतं, काही बिघडलं तर ते आहेच. डेबियनमध्ये होमच्या आत डॉट-लोकल-बिन फोल्डर असलं की पुढच्या लॉगिनला ते पाथमध्ये (जिथे कमांड शोधली जाते त्या यादीत) आपोआप येतं. इन्स्टॉल झाल्यावर जुनंच व्हिम उघडत असेल तर बॅशने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो, हॅश डॅश आर मारा.

आता हे सगळं करून मिळालं काय. तर इथे पेट्या येतात. बागायतदार मला रोजचं व्हॉट्सॲपवर मराठीत पाठवतात, मी ते तसंच फाईलमध्ये टाकतो, ओळीत तारीख, कुठल्या बागेतली, किती डझनी आणि शेवटी पेट्या, १८, २७, परत १८ असं. आकडे देवनागरी. आणि व्हिमच्या स्वतःच्या स्क्रिप्टला देवनागरी आकडा हा आकडा वाटतच नाही, स्ट्रिंगचा नंबर करायला सांगितलं की शून्य देतं, शोधताना बॅकस्लॅश-डी दिलं तर फक्त इंग्रजी आकडे धरतं, कंट्रोल-ए ने वाढवायला गेलात तर हलत नाही. पायथनला मात्र इंटच्या कंसात देवनागरी १८ दिला की तो सरळ अठरा समजतो, काही वेगळं करावं लागत नाही, आणि पायथनच्या रेगेक्समधलं बॅकस्लॅश-डी देवनागरी आकड्यांनाही लागू पडतं. हे कोणी मुद्दाम मराठीसाठी केलेलं नाही, युनिकोडमध्ये जे जे आकडे म्हणून नोंदलेत ते सगळे पायथन मानतं, त्यात आपलेही आले. मला याचं फार अप्रूप वाटतं, खरंच.

तर व्हिमआरसीमध्ये, म्हणजे व्हिमच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, सातआठ ओळींचं पायथन फंक्शन लिहिलं, निवडलेल्या ओळी घ्यायच्या, प्रत्येक ओळीतला शेवटचा आकडा काढायचा, बेरीज करायची, परत देवनागरीत करायची आणि खाली एकूण ६३ पेट्या अशी ओळ टाकायची. पायथनला बफर (व्हिममध्ये उघडलेला मजकूर) म्हणजे ओळींची साधी लिस्ट दिसते, व्हिम नावाचं मॉड्यूल इम्पोर्ट केलं की करंट बफर, करंट रेंज सगळं हातात येतं. वाशीच्या दलालाकडून पट्टी (विक्रीचा हिशेब) आली की ती पण त्याच फाईलमध्ये, हमाली, भाडं, कमिशन ओळीने, आणि तेच फंक्शन वजाबाकीसाठी थोडं बदलून. आधी हे एक्सेलमध्ये करायचे सगळे, मोबाईलवर फाईल उघडत नाही, फॉन्ट गेला, कोणीतरी सेल हलवला, नको ते. कोणी म्हणेल व्हिमस्क्रिप्टमध्ये टीआर फंक्शनने आधी देवनागरीचे इंग्रजी आकडे करून घेता येतात, बरोबर आहे, येतात, पण तारखा वाचायच्या, दोन फाईली ताडून बघायच्या, सीएसव्ही काढायची असं वाढत गेलं की पायथनची तयार लायब्ररी हाताशी असणं वेगळं.

ओळीओळीला एकच काम करायचं असेल तर पाय३डू बघा, प्रत्येक ओळ लाइन नावाने मिळते, तुम्ही जी स्ट्रिंग रिटर्न कराल ती तिच्या जागी बसते, एका ओळीत हजार ओळींचं काम.

लुआ मी घातलं पण खरं सांगायचं तर कमी वापरतो. ज्याला लुआच पाहिजे त्याने निओव्हिम बघावं, ते २०१४ मध्ये व्हिममधूनच फुटून निघालं आणि त्यात लुआ मुळातच आहे, कंपाईलची भानगड नाही. पण तिथे पायथन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, बाहेरून जोडावं लागतं, व्हिमसारखं आत नसतं. वेग पाहिजे असेल तर व्हिम९ स्क्रिप्ट आहेच, त्याच्या हेल्पमध्ये जुन्या स्क्रिप्टपेक्षा १० ते १०० पट वेगाची अपेक्षा ठेवा असं लिहिलंय.

आता लाईट. आपल्याकडे जून लागला की झाड पडतं, तार तुटते, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा तर सिंधुदुर्गात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती, नेट नाही, फोन नाही. माझ्या लॅपटॉपची बॅटरी आता नावापुरती आहे, लाईट गेली की तो बंद. अशा ठिकाणी व्हिमची स्वॅप फाईल काय आहे ते कळतं. तुम्ही सेव्ह करा न करा, २०० अक्षरं टाईप झाली की किंवा चार सेकंद हात थांबला की ते बाजूच्या स्वॅप फाईलमध्ये लिहून ठेवतं. लाईट आली, फाईल उघडली, ते विचारतं रिकव्हर करू का, आर दाबा, शेवटचं थोडंसं सोडलं तर सगळं परत. हे कुठल्याही व्हिममध्ये आहे, सोर्सवरून बांधलंय म्हणून नाही, पण कोकणात बसून रिव्ह्यू लिहायचा आणि हे सांगायचं नाही असं होणार नाही. हेल्प पण सगळी मशीनवर असते, कोलन हेल्प पायथन लिहिलं की संपूर्ण माहिती, नेट नसताना.

न आवडलेलं पण सांगतो. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं कधी कधी फुटतात, काना-मात्रा-वेलांटी नीट बसते पण जोडाक्षर आलं की कर्सर एका जागी आणि अक्षर दुसऱ्या जागी असं होतं, टर्मिनल बदललं की थोडा फरक पडतो पण पूर्ण जात नाही. फाईलमधला मजकूर शाबूत असतो, दिसण्यातच घोळ. डिलकम्बाइन ऑप्शन चालू केलं तर एक्स ने नुसती मात्रा उडवता येते, अख्खं अक्षर जात नाही, मराठी टाईप करणाऱ्याने ते लावूनच ठेवावं. दुसरं, अपडेट तुमच्या डोक्यावर, ॲप्ट हे व्हिम बघणार नाही. सिक्युरिटीचे पॅच येत असतात, अधूनमधून गिट पुल करून परत बांधायचं. ज्याला हे जमणार नाही त्याने व्हिम-नॉक्सवर राहावं, त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट मनापासून लिहायची आहे. हे सगळं ज्याने उभं केलं तो ब्रॅम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ ला गेला, आणि ९.१ ही आवृत्ती त्यालाच अर्पण केलेली आहे. तीसेक वर्षं त्याने हा एडिटर फुकट दिला आणि पैसे द्यायचेच असतील तर युगांडातल्या किबालेच्या मुलांसाठी द्या एवढंच सांगत राहिला. नुसतं व्हिम उघडलं की गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते ना, ती त्याची. आता ख्रिस्तियान ब्रॅबँट आणि बाकीची मंडळी ते चालवतायत आणि पॅच थांबलेले नाहीत, सोर्स ओढला की दिसतंच.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा त्या गप्प बसणाऱ्या कॉन्फिगरचा कापला.

करणार असाल तर अजून दोन गोष्टी. पायथन३-इंटर्पला यसऐवजी डायनॅमिक द्या, कारण डेबियन १३ वर गेलात की पायथन ३.१३ येतं, जुनी ३.११ ची लायब्ररी साफसफाईत निघून गेली तर यसवालं व्हिम उघडणारच नाही, डायनॅमिकवालं निदान उघडतं, फक्त पायथन चालत नाही, मग सावकाश परत बांधा. आणि इन्स्टॉल झालं म्हणून सोर्सचं फोल्डर उडवू नका, मेक अनइन्स्टॉल त्याच्यातूनच चालतं.